शिरसाठ सरांचा पूर्वपक्ष

शिरसाठ सरांच्या लेखाचा शेवट मी कापला. पेपरचं पान लावणाऱ्या मुलानं नाही, मी. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. एरवी सरांविषयी लिहिताना ते मध्येच कुठंतरी गाळलं गेलं असतं.

प्रभाकर शिरसाठ श्रीरामपूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि कोल्हारला राहायचे. वडील साखर कारखान्यात कामगार. घराच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि त्यांच्या शेजारी तेवढ्याच मानानं लावलेला पश्चिम आशियाचा नकाशा. सरांच्या अभ्यासाचा विषय होता अरब देशांचं राजकारण आणि त्यांचं परराष्ट्र धोरण. त्यातही आखाताच्या काठावरची लहान राज्यं. मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेलं लहान राज्य जगतं कसं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. मी त्यांचा विद्यार्थी होतो. पुढं नगरच्या एका दैनिकात उपसंपादक झालो आणि रविवारची पुरवणी माझ्याकडे आली. तेव्हा सरांचं सदर मीच सुरू केलं होतं.

आमच्या भागात या विषयाचं अप्रूप कमी आणि चेष्टा जास्त. स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "काय शिरसाठ, तुमचे शेख काय म्हणतात?" सर शांतपणे सांगायचे, "आजारी आहेत. धाकट्या भावाची हालचाल सुरू झालीय." विचारणाऱ्याला चेष्टा करायची असायची आणि मिळायची बातमी. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, "अहो, आपलं सोडून त्या अरबांचं काय घेऊन बसलात?" सर म्हणाले, "आपला कांदा तिकडं जातो, डाळिंब जातं, पोरं जातात. तिकडून पैसे येतात ते आपण घेतो. मग तिकडच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कुणीतरी बघायला नको का? मी बघतो. तुमचं तुम्ही चालू द्या." यात उद्धटपणा नव्हता. वाटणी करून दिल्यासारखं ते बोलायचे.

वर्गात नकाशा काढताना सर आधी समुद्र काढायचे. फळ्यावर खडू आडवा धरून पाणी रंगवायचे आणि जमीन उरलेल्या जागेत आपोआप तयार व्हायची. आम्हाला हे विचित्र वाटायचं. कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "जमीन कुणाची यावर भांडण असतं. पाणी कुठून जाणार हे ठरलेलं असतं. ज्याला पाण्याची वाट कळली त्याला निम्मं राजकारण कळलं. प्रवरेच्या काठच्या माणसाला हे मी सांगायचं?" वर्गातली निम्मी पोरं पाटपाण्याच्या आवर्तनावरून चुलत्याशी न बोलणाऱ्या घरातली. त्यांना लगेच कळलं.

लहान राज्यांचा धडा तर त्यांनी आम्हाला उसावर शिकवला. काष्टीचा एक मुलगा आमच्या वर्गात होता, नात्यातल्या घरी राहून शिकायचा. सरांनी त्याला उभं केलं.

"तुमचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो?"

"सर, दोन्हीबी कारखाने मागत्यात. आमचं रान मधी हाय."

"मग आबा काय करतात?"

"काय न्हाई. दोन्ही चेअरमनच्या घरच्या लग्नाला जात्यात."

"आहेर?"

"सारखाच."

"आणि मत कुणाला देतात?"

"ते आईलाबी सांगत न्हाईत."

सर खडू खाली ठेवून म्हणाले, "बस. लहान राज्याचं परराष्ट्र धोरण पूर्ण झालं. आता फक्त देशांची नावं पाठ करा." त्या मुलाला आम्ही वर्षभर 'परराष्ट्रमंत्री' म्हणत होतो.

सर अरबी शिकले ते बेलापूरच्या मौलाना युसूफ यांच्याकडे. सर मोटरसायकलवर बेलापूरला जायचे आणि मौलानांच्या पुढ्यात मांडी घालून बसायचे. मौलानांना अरबी व्याकरण तळहातासारखं ठाऊक, पण ती जुन्या ग्रंथांतली भाषा. सरांना हवी होती परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांची भाषा. त्यामुळं काही दिवसांनी गुरू-शिष्य दोघंही शिकू लागले. मी एकदा सरांना सोडायला गेलो होतो तेव्हा दोघं एका निवेदनावर वाकलेले होते. 'चिंता', 'खेद', 'तीव्र खेद', 'निषेध' अशी चढती भांजणी सर मौलानांना समजावत होते. मौलाना बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या किताबात राग हाय तर राग हाय. ह्यांनी तर राग तराजूत तोलून दिलाय."

सरांना हे वाक्य इतकं आवडलं, की पुढं दिल्लीच्या एका चर्चासत्रात त्यांनी "माझे गुरू म्हणतात" असं म्हणून ते सांगितलं. चहाच्या वेळी एका विद्वानानं विचारलं, गुरू कुठले? सर म्हणाले, "बेलापूर." तो विद्वान आदरानं मान हलवून गेला. त्याला ते कुठलं तरी परदेशी विद्यापीठ वाटलं असावं. सरांनी खुलासा केला नाही. आम्हाला म्हणाले, "मी खोटं कुठं बोललो? विद्यापीठच आहे ते."

आता सरांच्या त्या सवयीकडे येतो, जिच्यामुळं हे सगळं घडलं. सर कुठलाही वाद पूर्वपक्षानं सुरू करायचे. म्हणजे स्वतःचं म्हणणं आधी सांगायचं नाही. समोरच्याची बाजू आधी मांडायची, आणि तीही इतक्या ताकदीनं, की समोरच्याला वाटावं आपण जिंकलो. मग सावकाश, एकेक मुद्दा घेत उत्तर द्यायचं. वर्गात नवी मुलं पहिला अर्धा तास ऐकून वह्या मिटायची आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहून यायची. सर म्हणायचे, "विरोधकाला दुबळा करून हरवायचं, यात काय पुरुषार्थ? त्याला आपल्या घरचं जेवू घाला, मग कुस्तीला घ्या."

ही सवय गावालाही माहीत होती. कोल्हारच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे बरेच तरुण आखातात होते. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी ड्रायव्हर, कुणी हॉटेलात. टीव्हीवर तिकडच्या बंदुका दिसल्या, की सकाळी सरांच्या ओट्यावर आया जमायच्या. हातात मोबाईल, त्यात मुलाचा फोटो. सर त्यांना "घाबरू नका" असं कधीच म्हणायचे नाहीत. आधी विचारायचे, मुलगा कुठल्या शहरात आहे, कंपनीनं काय सांगितलंय, शेवटचा फोन कधी आला. मग काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं सांगायचे. बायकांचे चेहरे उतरायचे. तेवढ्यात सरांच्या पत्नी मंदाकाकू चहाचा ट्रे घेऊन यायच्या, आणि चहा हातात आला की सर म्हणायचे, "आता हे का होणार नाही ते ऐका." त्यावरून गावात बोललंच जायचं, सरांकडं चहा येईस्तवर घाबरायचं न्हाई.

मंदाकाकूंचं यावर वेगळं मत होतं. "तिकडच्या राजाचे सगळे भाऊ ह्यांना पाठ हायेत," त्या ट्रे ठेवता ठेवता म्हणायच्या. "माझ्या धाकट्या भावाचं नाव इचारा बरं." सर खरोखर विचारात पडायचे आणि बायका हसायच्या. घाबरून आलेली बाई हसत घरी जायची. हे मी कितीदा पाहिलं आहे. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. सरांचं खरं म्हणणं शेवटी असतं, हे ज्याला पुरतं माहीत होतं असा आमच्या ऑफिसात मी एकटाच होतो.

त्या वर्षी आखातातल्या दोन शेजारी देशांचं बिनसलं. सीमा बंद झाल्या, जहाजं अडली, टीव्हीवर रोज युद्धाची चर्चा. सरांनी त्यावर लेख पाठवला. पहिलं वाक्य होतं, युद्ध होणार असं मानणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ. मग ती बाजू. वाचताना अंगावर काटा यावा अशी. आणि नंतर उत्तर: दोघांचं तेल एकाच चिंचोळ्या पाण्यातून बाहेर पडतं, दोन्ही राजघराण्यांत सोयरिकी आहेत, निवेदनांतला राग आठवड्या-आठवड्याला एकेक पायरी उतरतो आहे. भांडण लांबेल, पण युद्ध होणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या जिल्ह्यातल्या आईबापांसाठी: मुलांना नोकरी सोडून परत बोलावू नका.

मी तो दुपारी पूर्ण वाचला होता. आवडलाही होता.

संध्याकाळी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. उशिरा आली, मोठी आली आणि त्याच पानावर हवी म्हणून आली. आमच्या धंद्यात हे नवं नाही. बातमी लिहिताना महत्त्वाचं आधी लिहायचं आणि कमी महत्त्वाचं शेवटी, ही पहिली शिकवण. त्यामुळं जागा कमी पडली की डोळे मिटून शेपूट कापायचं, ही दुसरी. मी तेच केलं. पहिलं वाक्यही पाल्हाळ वाटलं म्हणून काढलं, कारण लेख धडाक्यानं सुरू व्हावा. जे उरलं त्यात फक्त पूर्वपक्ष होता. मी त्यावर मथळा दिला: 'आखातात युद्ध अटळ'. खाली सरांचं नाव आणि फोटो.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे हाताच्या सवयीनं झालं. तसं नाही. मथळा लिहिताना मला क्षणभर जाणवलं होतं की हे उलटं होतंय. पण मथळा चांगला जमला होता. लोक पान थांबून वाचतील असं वाटलं. मी पान छपाईला सोडलं.

रविवारी सकाळी सरांचा फोन आला.

"सुनील, शेवटचा भाग कुठं गेला रे?"

"सर, पान लावणाऱ्या मुलानं कापला. मी बघेपर्यंत पान छपाईला गेलं होतं."

मग सर म्हणाले, "बरं. त्याला रागावू नकोस. पुढच्या रविवारी खुलासा टाक मात्र."

मी हो म्हटलं. संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आठवड्यात विसरतात लोक. खुलासा छापून पुन्हा आठवण कशाला करून द्यायची?" मला ते ऐकून हलकं वाटलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

युद्ध झालं नाही. सरांनी लिहिलं होतं तसंच झालं, भांडण लांबलं आणि मग निवळलं. पण छापलं होतं ते उलटं.

काही महिन्यांनी मी पुढचा लेख घ्यायला कोल्हारला गेलो. आठवडे बाजाराचा दिवस होता. सर म्हणाले, चल, भाजी घेता घेता बोलू. त्यांच्या एका हातात पिशवी, दुसरी त्यांनी माझ्याकडे दिलेली. मेथीच्या जुड्या बघत होतो तेव्हा लताबाई समोर आल्या. सरांच्या ओट्यावर मी त्यांना अनेकदा पाहिलेलं. त्यांचा मुलगा संदीप तिकडं एका बंदरात इलेक्ट्रिशियन होता.

"सर, थांबा जरा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण आसपासचे लोक थांबले. "तुमचा लेख आमच्या पुतन्यानं वाचून दावला. मी तवाच संदीपला म्हनलं, ये निघून. त्यो येत न्हवता. मी अन्नपानी सोडलं, तवा आला. आता कंपनी घेत न्हाई. तिकडं तर कायबी झालं न्हाई."

सरांनी हातातली मेथीची जुडी परत ठेवली.

"तुमच्याकडं आले असते तर चहापतुर थांबले असते," लताबाई म्हणाल्या. "पन पेपरात तुमचाच फोटू हुता. मग इचारायचं काय राहिलं? आता तुमी अरबस्तानाचं कुनाला सांगू नका, येवढंच म्हनते."

मी सरांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी हातातल्या पिशवीत बघत राहिलो.

सर म्हणाले, "चुकलं, लताबाई. माझ्या नावानं छापलं ते माझंच."

त्या गेल्या. सरांनी मेथीची जुडी घेतली, पैसे दिले आणि आम्ही घराकडे निघालो. वाटेत ते म्हणाले, "तुला आता लेख नको असेल." मी म्हटलं, "सर, सध्या पुरवणीत जागाच कमी आहे." हे वाक्य मी आजही कधी कधी गाडी चालवताना एकटाच मोठ्यानं म्हणून बघतो. अजून तितकंच वाईट ऐकू येतं.

त्यानंतर सरांचा ओटा रिकामा झाला. पुन्हा तिकडं काही झालं, की आया टीव्हीसमोर बसायच्या आणि मुलांना फोन करकरून भंडावून सोडायच्या. सरांकडं कुणी यायचं नाही. पण सर खचले नाहीत. स्वतःची कीव करून घेणं त्यांना जमतच नसे. सकाळचा मोकळा झालेला वेळ त्यांनी पुस्तकाला दिला. निवृत्तीनंतरही बेलापूरच्या फेऱ्या चालू राहिल्या. मौलाना थकले तेव्हा सर त्यांना निवेदनं वाचून दाखवू लागले. "आता मी वाचतो आणि ते माझ्या चुका काढतात," सर सांगायचे. "पदवी मिळाल्यावर खरं शिक्षण सुरू झालं." मी भेटायला जायचो, अधूनमधून, दिवाळीला वगैरे. पूर्वीसारखंच बोलायचे. मी मात्र चहा संपला की उठायचो.

गेल्या हिवाळ्यात ते पुस्तक आलं. आखातातल्या लहान राज्यांचं परराष्ट्र धोरण, मराठीत, चांगलं जाडजूड. प्रकाशन कॉलेजच्याच सभागृहात झालं. सर बोलायला उभे राहिले आणि सवयीप्रमाणं असं पुस्तक मराठीत लिहिणं कसं निरर्थक आहे हे इतकं पटवून दिलं, की प्रकाशक अस्वस्थ झाले. मग उत्तर दिलं. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एक तरुण वार्ताहर उठला. वाईट हेतू नव्हता त्याचा. तो म्हणाला, "सर, तुम्ही एकदा युद्ध अटळ असल्याचं भाकीत केलं होतं. ते चुकलं. त्याचं काय सांगाल?"

सर म्हणाले, "ते माझ्या नावावर आहे खरं." आणि पुढचा प्रश्न घेतला.

मी मागच्या रांगेत होतो. माझे केस पिकले, आता मी नुसती पुरवणी नाही, अख्खी आवृत्ती बघतो, लोक मला साहेब म्हणतात. तरी त्या क्षणी कानशिलं तापली. कार्यक्रम संपल्यावर स्टाफरूममध्ये सर एकटे बसले होते. मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. जाहिरात, कात्री, मथळा, फोनवरचं खोटं, बाजारातलं गप्प राहणं. सगळं एका दमात.

सर म्हणाले, "मला माहीत होतं."

"कसं?"

"मथळा तुझा होता. 'अटळ' शब्दाशिवाय तुझं पान हलत नाही. आणि मथळा देणाऱ्यानं लेख पाहिला नाही, असं कसं होईल?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत, सर?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग लांबलं." ते चष्मा पुसू लागले. "राग आला होता. बाजारात तर फार आला होता. तुझ्यापेक्षा माझा स्वतःचाच जास्त आला. लेख छापून येण्याआधी लोकांनी तो शेवटपर्यंत माझ्या तोंडून ऐकला असता तर बरं झालं असतं, हे मला आधी सुचायला हवं होतं."

"सर, मला माफ करा."

"मला कशाला? युद्ध होणार नाही हे मला ठाऊक होतं. नोकरी सोडून परत आला तो माझा मुलगा नव्हता. तुझी गाडी आहे ना? चल कोल्हारला. मी बरोबर येतो, पण बोलायचं तू."

दिवस अजून वर होता. लताबाईंचं घर रस्त्यापासून आत, डाळिंबाच्या बागेला लागून. अंगणात संदीपचा टेम्पो उभा होता आणि तो बोनेट उघडून आत काहीतरी करत होता. सरांना पाहून लताबाई गडबडल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "या, सर." मग माझ्याकडे पाहून, "हे पेपरवाले ना?" संदीपनं हात पुसत खुर्च्या आणल्या. सर खुर्चीवर बसले नाहीत. अंगणाच्या कडेला बाज होती, तिच्यावर जाऊन बसले, बागेकडे तोंड करून. त्यांची वाकलेली पाठ तेवढी आमच्याकडे होती.

मी सुरुवात केली. "लताबाई, तेव्हा त्या लेखाच्या बाबतीत आमच्या कार्यालयाकडून जरा गैरसमज झाला होता."

बाजेवरून सरांचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नव्हती. "सुनील, परराष्ट्र खात्यासारखं बोलू नकोस."

संदीप पान्हा हातात धरून माझ्याकडे बघत होता. लताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी खुर्चीवरून उठलो.

"सरांनी युद्ध होणार नाही असं लिहिलं होतं," मी म्हणालो. "मुलांना परत बोलावू नका, असंही लिहिलं होतं. ते मी कापलं. मथळाही मीच दिला. बाजारात तुम्ही सरांना बोललात, त्यांनी ते स्वतःवर घेतलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. संदीप, तुमची नोकरी माझ्यामुळं गेली. लताबाई, तुम्ही सरांना नाही, मला बोलायला हवं होतं. मला माफ करा."